मच्छरदाणीतला हत्ती

निपाणीहून चिकोडीकडं निघालं आणि तंबाखूच्या वखारी मागं पडल्या, की उसाच्या फडात बुडालेलं एक गाव लागतं. त्या गावात भूपाल मगदूम यांच्या माडीवर एक कॉम्प्युटर होता. तो इतका सावकाश चालायचा, की भूपालअण्णा सकाळी त्याचं बटण दाबून मळ्यात जायचे, म्हशीला वैरण कापायचे, वाटेत दोघातिघांची उणीदुणी काढून परत यायचे, तेव्हा कुठं पडदा उजळलेला असायचा. हे जरा वाढवून सांगितलंय असं कुणाला वाटेल. वैरण ते आदल्या दिवशीच कापून ठेवायचे, एवढाच काय तो फरक.

अण्णांची पूर्वी पिठाची गिरणी होती. गुडघ्यांनी दावा मांडला तशी ती बंद केली, पण यंत्राला हात लावल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. कॉम्प्युटर त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सुटे भाग आणून जोडून घेतला होता आणि पहिली काही वर्षं तो गिरणीतच ठेवला होता. लोक म्हणायचे, त्याच्या आतसुद्धा जोंधळ्याचं पीठ फिरतं. अण्णांना त्या यंत्राचा भारी लळा. नवा घ्या म्हणणाऱ्याला ते म्हणायचे, बैल म्हातारा झाला म्हणून कुणी ट्रॅक्टरला वेसण घालत नाही. याचा अर्थ कुणालाच कळायचा नाही आणि वाद तिथंच मिटायचा.

घरात दुसरं माणूस म्हणजे अण्णांची थोरली बहीण, चंदनाआक्का. वयानं ऐंशीच्या घरात, अंगानं काडी आणि नेमधर्मानं पहाड. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घागरीत जायचं नाही, दिवस मावळल्यावर तोंडात कण जायचा नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर आक्का रांग संपेपर्यंत उभी राहायची, आणि मुंग्या रेंगाळल्या तर त्या दिवशी बाजार बुडायचा.

आता हत्तीकडं येऊ, कारण सगळा घोळ त्याच्यापायी झाला.

सव्वीस वर्षांपूर्वी गावच्या बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पंचकल्याणक पूजा झाली होती. त्या पूजेत एका जोडप्याला इंद्र-इंद्राणीचा मान मिळतो आणि त्यांची हत्तीवरून मिरवणूक निघते. तो मान आक्काला आणि तिच्या यजमानांना मिळाला. अण्णा त्यांना दाजी म्हणायचे. हत्ती खरोखरचा आणला होता, चार पायांचा, एका सोंडेचा. दुसऱ्या वर्षी दाजी गेले, आक्का भावाकडं राहायला आली, आणि हत्तीची गोष्ट सांगायचं काम अण्णांच्या अंगावर पडलं.

तिथंच गोष्टीचं वाटोळं झालं. पहिल्या वर्षी अण्णांचा हत्ती बादलीभर पाणी प्यायचा. तिसऱ्या वर्षी पिंपभर. दहाव्या वर्षी त्यानं सोंड टाकून सबंध विहीर कोरडी पाडली आणि गावाला दोन दिवस टँकर मागवावा लागला. ज्यांनी हत्ती डोळ्यांनी पाहिला होता त्यातले बरेचसे वर गेले, आणि उरलेल्यांना खऱ्यापेक्षा थट्टा गोड लागायची. नव्या पोरांचा तर हत्तीवरनं विश्वासच उडाला. खतांचं दुकान चालवणारा जिनेंद्र चौगुले त्या साली शिकायला बाहेरगावी होता, तरी तोच सगळ्यात ठामपणे सांगायचा, की हत्तीबित्ती काही नव्हता, ट्रॅक्टरवर काळी ताडपत्री टाकून दोन बाजूंना सुपं बांधली होती. गावात थापेला नावच पडलं, अण्णांचा हत्ती. गवळ्यानं दूध निर्भेळ आहे म्हटलं, की गिऱ्हाईक विचारायचं, "ह्यो अण्णांचा हत्ती तर न्हवं?"

अण्णा स्वतः हसायचे. थापाड्याला थट्टेचं काय दुःख? पण एका चतुर्दशीला बस्तीच्या ओट्यावर बसलेल्या आक्काला एका चिमुरडीनं विचारलं, आजी, ट्रॅक्टरवरनं पडायची भीती नाही का वाटली? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आक्का उठली. चटई गुंडाळून घरी आली, आणि त्यानंतर ओट्यावर बसली नाही. दर्शन घ्यायचं आणि खाली मान घालून परत, असं सुरू झालं.

ते मात्र अण्णांना लागलं. हत्ती वाढवला त्यांनी आणि ट्रॅक्टरवर बसली आक्का. त्यांनी सगळीकडं चौकशी करून त्या मिरवणुकीची व्हिडिओ कॅसेट हुडकून काढली. मग बस्तीत माईक हातात घेऊन जाहीर केलं, की मार्गशीर्षात बस्तीचा वर्धापन दिन आहे, रविवारी, त्या दिवशी हॉलमध्ये पडद्यावर सगळ्यांना हत्ती दाखवीन. न दाखवला तर पुन्हा जन्मात हत्तीचं नाव काढणार नाही. जिनेंद्रनं सगळ्यात जोरात टाळी वाजवली.

अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये कॅसेटवरचं चित्र आत घ्यायचं एक कार्ड होतं. तसलं कार्ड नव्या यंत्रात बसत नाही, आणि त्याच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर त्या कार्डाशिवाय डोळा उघडत नाही. कॅसेटला बुरशी चढलेली. ती एकदा कशीबशी शेवटपर्यंत फिरली, चित्र आत आलं, आणि परत गुंडाळताना फितीचा चिवडा झाला. म्हणजे हत्ती होता तो आता फक्त कॉम्प्युटरच्या पोटात. आणि तिथंही तो दिसत होता असं म्हणवत नव्हतं. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके भुरभुरत होते आणि त्यांच्या मागं एक करडा ढग डुलत होता. जिनेंद्रनं हे पाहिलं असतं तर काठी घेऊन पडद्यावर ताडपत्रीच्या दोऱ्या दाखवल्या असत्या.

ते ठिपके पुसता येत होते. सॉफ्टवेअर एकेक चित्र घासून स्वच्छ करायचं. पण हे काम एका दमात व्हावं लागायचं. मध्ये थांबलं की पहिल्यापासून. सकाळी दिवस उगवताना लावलं तर गाव जेवून, आवराआवर करून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत चालणार असा हिशोब निघाला. आणि आक्काचा नियम होता, की दिवेलागणीला ते यंत्र बंद. दिव्याच्या उजेडावर पाकोळ्या येतात, पंखा त्यांना आत ओढतो आणि हिंसा होते. अण्णांनी एक दिवसाची सवलत मागून पाहिली. आक्का म्हणाली, ज्या घरात माणूस रात्रीचं जेवत नाही त्या घरात यंत्र का म्हणून जेवेल?

म्हणजे काम उगवतीपासून मावळतीपर्यंत बसवायचं, आणि दिवस मार्गशीर्षातले, आखूड. अण्णांनी पिशवी उचलली आणि बेळगावची बस धरली.

टिळकवाडीत राघवेंद्र देशपांडे राहायचे. पॉलिटेक्निकात मास्तर होते, आता निवृत्त. अण्णांचा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. गडी शांत, बोलण्यात कानडीचा हेल, आणि प्रत्येक वाक्याआधी चहाचा एक घोट. अण्णांची सगळी कर्मकथा ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, प्रोसेसर आहे त्यापेक्षा जोरात पळवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मात्र पळवायची एक रीत आहे. अण्णा म्हणाले, ह्यात रीत कसली, गिरणीला मोठी पुली टाकली की झालं. मग राघवेंद्रांनी विचारलं, मोठी पुली टाकल्यावर पीठ कसं येतं? अण्णांना लगेच आठवलं. एका दिवाळीत त्यांनी तो उद्योग केला होता. पीठ इतकं गरम यायला लागलं, की बायका घरी जाईपर्यंत डब्यातच भाकरी भाजायची.

"तेच री इथं पण," राघवेंद्र म्हणाले. "उष्णता हाच सगळा खेळ. आणि अजून एक. तुमच्या गिरणीत एका शाफ्टवरनं किती पट्टे चालायचे?"

अण्णांनी तीन बोटं दाखवली. जातं, मिरची कांडप आणि चाळण.

तर कॉम्प्युटरमध्येही एकच शाफ्ट असतो, राघवेंद्रांनी समजावलं. त्याच्यावर प्रोसेसरचा पट्टा, मेमरीचा पट्टा आणि त्या कॅसेटच्या कार्डाचासुद्धा पट्टा. शाफ्ट जोरात फिरवला की सगळेच जोरात फिरणार, आणि कार्ड बिचारं पहिल्यांदा मरणार. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन, कार्डाचा वेग आधी बांधून टाकायचा. मेमरीला लहान पुली द्यायची. मग शाफ्ट जरासा वाढवायचा, यंत्राला भरपूर काम देऊन उष्णता बघायची, टिकलं तर पुन्हा जरासं. जिथं लटपटेल तिथून एक पायरी मागं यायचं. व्होल्टेजला शक्यतो हात लावायचा नाही. आणि ह्या सगळ्याच्या आधी, त्या ढगाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवायची.

"यंत्र बंद पडलं तर कळतं, अण्णा," ते शेवटी म्हणाले. "बंद न पडता चुकायला लागलं तर कळत न्हाई. हत्तीला पाच पाय येतील."

अण्णांनी तसा हत्ती मनात उभा करून पाहिला. पाच पायांचा हत्ती त्यांच्या गोष्टीला वाईट दिसला नसता. पण आक्काची आठवण होऊन त्यांनी मान हलवली आणि एक मोठा पंखा, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या करड्या पेस्टची चिमूटभर नळी असं सामान घेऊन संध्याकाळची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी अंगणात सतरंजी टाकून अण्णांनी कॉम्प्युटर उघडला. आत इतकं पीठ निघालं, की मळलं असतं तर दोघांच्या भाकरी झाल्या असत्या. आक्का शेजारी सूप घेऊन बसली होती. कोपऱ्यातनं एक कोळी निघाला, तिनं तो सुपात घेऊन परसात सोडला, मग अण्णांना ब्रश चालवायची परवानगी मिळाली. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती खरवडून अण्णांनी ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली, वर पंखा घट्ट बसवला, आणि दुसरा मोठा पंखा पुढच्या जाळीमागं लावला.

पहिल्याच दिवशी त्यांनी घाई केली. मास्तरांनी जरासं सांगितलं होतं, अण्णांनी गिरणीवाल्याचं जरासं केलं. यंत्र चालूच होईना. पडदा काळा. अण्णांनी लगेच बेळगावला फोन लावला. फोनवर राघवेंद्रांनी चहाचा घोट घेतला आणि सांगितलं, वायर काढा, आतल्या बोर्डावर एक गोल सेल आहे तो काढून थोडा वेळ बाजूला ठेवा, यंत्र सगळं विसरेल आणि पहिल्यासारखं होईल. तसंच झालं. अण्णांना वाटलं, असा एखादा सेल गावाच्या डोक्यात असता तर किती बरं झालं असतं.

मग मात्र ते शहाण्यासारखे वागले. एक पायरी, तास-दोन तास परीक्षा, उष्णतेचा आकडा बघायचा, पुन्हा एक पायरी. ह्या कामात त्यांना इतकी गोडी लागली, की जेवताना सुद्धा ते डाळीत बोट घालून अंदाज घ्यायचे आणि आक्काला सांगायचे, पंचावन्न. चार दिवसांत यंत्र असं पळायला लागलं, की काम मावळतीच्या आत बसणार हे दिसू लागलं. पुढ्यात बसून परीक्षा घ्यावी तर उष्णताही आटोक्यात. सोमवारी उगवतीला अण्णांनी णमोकार मंत्र म्हणून खरं काम सुरू केलं.

दुपारी जेवून ते तासभर पडले. उठून बघतात तर यंत्र बंद. जास्त तापलं की ते आपलं आपण बंद पडतं, तसं ते पडलं होतं.

मंगळवारी त्यांनी पुढचा पंखा अजून जोरात केला. दुपारी पुन्हा यंत्र बंद, आणि त्याच्या आतल्या नोंदीप्रमाणं आदल्या दिवसापेक्षा लवकर. बुधवारी पंखा पूर्ण जोरावर सोडला. त्याचा आवाज असा, की खाली म्हैस कान टवकारून उभी राहिली. त्या दिवशी तर अण्णांचा डोळा लागतो न लागतो तोच यंत्र गार. म्हणजे गरम.

अण्णा चक्रावले. जितका वारा जास्त तितकी आग जास्त, हा कुठला न्याय? राघवेंद्र म्हणाले, असं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं न्हाई री, आणि मी बरीच वाचलीत. अण्णांनी उसाच्या पंपांवर संशय घेतला. दुपारी मळ्यात मोटारी सुरू होतात, वीज खालीवर होत असेल. मीटर लावून बघितलं, वीज सरळ. पत्र्याच्या उन्हावर संशय घेतला, छपरावर उसाचा पाला पसरला. काही फरक नाही. सकाळी ते समोर बसलेले असताना यंत्र शहाण्या पोरासारखं वागायचं, आणि त्यांनी पाठ फिरवली की पेटायचं. जिनेंद्रला हे कळलं तेव्हा त्यानं कट्ट्यावर सांगितलं, की कॉम्प्युटरला सुद्धा खोटं बाहेर पडायची लाज वाटते.

अण्णांनी चिडायचं सोडून दिलं आणि त्यांना कुतूहलानं पुरतं घेरलं. यंत्राला आपण झोपलोय हे कळतं कसं? गुरुवारी त्यांनी ठरवलं, झोपायचं, पण झोपायचं नाही. जेवण झाल्यावर माडीवर आडवे झाले, तोंडावर पंचा घेतला आणि जुन्या गिरणीच्या पट्ट्यासारखं घोरायला लागले. पंचा जुना, विरलेला. आरपार दिसत होतं.

थोड्या वेळानं जिना वाजला. आक्का वर आली. हातात पाणी गाळायचं धुतलेलं, कोरडं फडकं. तिनं एकदा भावाकडं पाहिलं, मग फडक्याची घडी घातली, घडीवर पुन्हा घडी, आणि ती चौपदरी घडी पुढच्या पंख्याच्या जाळीवर ठेवून नाडीनं कॉम्प्युटरच्या पोटाला घट्ट बांधली. पंखा घुसमटल्यासारखा गुरगुरला. आक्का खाली बसून माळ ओढू लागली.

अण्णांचं घोरणं बंद झालं.

"आक्का, काय करायलीस गं?"

आक्का दचकली नाही. चोरी करत असती तर दचकली असती. "तू यंत्राला हात लावू नगं म्हणलास. म्या हात लावला न्हाय," ती म्हणाली. "वरनं बांधलंय."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. पंखा मोठा केल्यापासून मागच्या जाळीखाली रोज मेलेली चिलटं पडायला लागली होती. दुपारच्या वेळी परसातनं ती घरात येतात. पाण्याला गाळणं असतं तसं वाऱ्याला का नसावं, असा विचार करून आक्कानं सोमवारी फडकं दुहेरी बांधलं. मंगळवारी वारा वाढला, तिपदरी केलं. बुधवारी चौपदरी. अण्णा उठायच्या आत ती फडकं सोडून न्यायची, जास्वंदीखाली अलगद झटकायची, त्यातली जिवंत चिलटं पानांवर बसलेली बघायची आणि मगच फडकं धुवायला टाकायची. अण्णा जसा पंखा वाढवत गेले तशी ती पदर वाढवत गेली, आणि बहीण-भावांच्या ह्या शर्यतीत बिचारा प्रोसेसर भाजून निघाला.

अण्णांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की वारा अडला की यंत्र तापतं, तापलं की बंद पडतं, बंद पडलं की हत्ती दिसणार नाही, आणि रविवार तीन दिवसांवर आलाय. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. तिनं फडक्याच्या नाडीची गाठ चाचपली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग हत्ती. एका हत्तीपायी किती चिलटं मारायची रं?"

"लोक ट्रॅक्टर म्हणतील."

"म्हणू देत. इतकी वर्सं म्हणालेतच की."

ती उठून खाली गेली. फडकं सोडून बरोबर घेऊन गेली, आणि अण्णांना पहिल्यांदाच वाटलं, की आता ओरडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत अण्णा गाळणं या गोष्टीचा विचार करत बसले. आक्का घागरीच्या तोंडावर फडकं लावते तेव्हा पाणी थेंबथेंब पडतं. पण मोठ्या हंड्यावर ऐसपैस ओढून लावते तेव्हा तेच फडकं भराभर पाणी सोडतं. फडकं तेवढंच बारीक, जागा मात्र जास्त. त्यांनी राघवेंद्रांना फोन लावला आणि विचारलं, गाळणं जाळीएवढं न करता खोलीएवढं केलं तर? पलीकडं चहाचा घोट अर्ध्यातच थांबला. मग राघवेंद्र म्हणाले, वारा मोकळा मिळेल, पण जरासं तापेलच, तेव्हा वेग एक पायरी खाली आणा. काम मावळतीच्या आत होईल का, हे मात्र मी सांगू शकत न्हाई.

शुक्रवारी सकाळी अण्णांनी माडीवरचा पलंग मधोमध ओढला, त्यावर मच्छरदाणी बांधली, आत कॉम्प्युटर ठेवला आणि कडा गादीखाली खोचल्या. वायरींच्या भोकाभोवती आक्कानं स्वतः सुईदोऱ्यानं टाके घातले. मग तिनं मच्छरदाणीला प्रदक्षिणा घालून कुठं फट आहे का पाहिलं आणि मान डोलावली. दिवसभर परीक्षा झाली. उष्णता थोडी वर, पण थांबलेली. चिलटं बाहेर, पंखा आत. दुपारपर्यंत कट्ट्यावर बातमी पोचली, की भूपालअण्णांनी कॉम्प्युटरला डेंगू होऊ नये म्हणून मच्छरदाणीत निजवलाय. दोघं-तिघं मुद्दाम बघायला येऊन गेले. एकानं तर यंत्राला ताप किती म्हणून विचारलं. अण्णांनी प्रामाणिकपणे आकडा सांगितला, तो ऐकून त्याचा चेहरा पडला.

शनिवारी पूर्वेला रेघ उमटली आणि अण्णांनी बटण दाबलं.

सबंध दिवस ते मच्छरदाणीबाहेर खुर्ची टाकून बसले. पडद्यावर एक निळी पट्टी होती, ती उजवीकडं सरकायची. सरकायची म्हणजे कसं, तर नांगरलेल्या रानातून गोगलगाय. सकाळ गेली, दुपार गेली, यंत्र टिकून होतं. उन्हं कलली तेव्हा पट्टीची थोडी जागा मोकळी होती. एक पायरी खाली आल्याचा फटका आता दिसत होता.

आक्का वर आली आणि पश्चिमेच्या खिडकीत उभी राहिली. खाली तिचं ताट वाढून झाकलेलं होतं, ही तिची जेवायची वेळ. अण्णांनी तिला जेवून घ्यायला सांगितलं. ती व्हय म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. पट्टी सरकत होती, सूर्यही सरकत होता, आणि दोघांत सूर्याचे पाय जास्त चपळ होते. खिडकीपलीकडं उसाचा फड होता. सूर्य फडाच्या शेंड्यांना टेकला, लाल झाला, अर्धा झाला आणि शेंड्यांच्या मागं गेला. माडीतला उजेड विझत आला. पट्टी अजून बोटभर उरली होती.

अण्णा उठले. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी मच्छरदाणीची कड उचलून हात आत घातला.

"थांब रं," आक्का म्हणाली.

ती खिडकीबाहेरच बघत होती. "मावळला न्हाय अजून. उसाआड गेलाय. ऊस यंदा लई वाढलाय."

अण्णांनी खिडकीकडं पाहिलं. फडाच्या वरचं आभाळ जांभळं होत होतं, एक चांदणीसुद्धा वर आली होती. ज्या माणसानं हत्तीला विहीर पाजली त्या माणसालाही एवढी मोठी थाप कधी सुचली नव्हती. ते हात काढून घेऊन खुर्चीत बसले. आक्कानं माडीवरचा दिवा लावू दिला नाही. अंधारात फक्त पडद्याचा उजेड, त्यात मच्छरदाणी पांढरी आणि बाहेरून तिच्यावर पाकोळ्या येऊन बसलेल्या. आक्का त्या मोजल्यासारखी बघत होती. एकही आत गेली नाही. पट्टी शेवटाला लागली, यंत्रानं टुण्णकन आवाज केला, आणि अण्णांनी लगेच बटण बंद केलं.

"झालं," ते म्हणाले. "चल, आता जेवून घे. तुझा सूर्य हाय की अजून उसाआड."

"आता कसं जेवू? दिस बुडाला की," आक्का म्हणाली, आणि भिंतीला धरून जिना उतरली. खाली झाकलेलं ताट तिनं तसंच उचलून म्हशीपुढं ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता अंथरुणावर पडली.

रविवारी पूजा झाल्यावर बस्तीच्या हॉलमध्ये खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि अण्णांनी आपला कॉम्प्युटर प्रोजेक्टरला जोडला. अख्खं गाव आलं होतं. जिनेंद्र पहिल्या रांगेत, बरोबर चार टवाळ. आक्का मागं दाराशी चटईवर बसली होती, लगेच उठून जाता येईल अशी.

पडद्यावर आधी ढोल आले, मग कलश घेतलेल्या बायका, आणि मग कोपऱ्यावरून तो आला. ठिपके कुठंकुठं राहिले होते, पण तो होता. डोक्यावर रंगीत नक्षी, पाठीवर अंबारी, आणि कान हलवत असा सावकाश येणारा, की त्याला कुणी ओव्हरक्लॉक केलेलं नव्हतं हे आंधळ्यालाही कळलं असतं. पाय चारच होते, अण्णांनी मोजले.

जिनेंद्र मान तिरकी करून हळूच म्हणाला, "तरीबी कान सुपासारखंच हायत म्हणा."

त्यानंतर जो गलका झाला तो विचारू नये. ज्यांनी इतकी वर्षं ताडपत्रीच्या शपथा घेतल्या होत्या त्यांना भराभर आठवू लागलं. एकानं ह्याच हत्तीला ऊस चारला होता. एकाला त्यानं सोंडेनं उचललं होतं. मागून एक म्हातारा उठून म्हणाला, की हत्ती दोन होते, दुसरा ओढ्यावर पाणी प्यायला गेला होता. अण्णांनी सांगून पाहिलं, की एकच होता, तर लोकांनी त्यांना गप्प बसवलं, तुमचं काय खरं धरायचं म्हणून.

पडद्यावर हत्ती जवळ आला आणि अंबारीतली दोन माणसं मोठी दिसू लागली. मुकुट घातलेले दाजी आणि त्यांच्या शेजारी इंद्राणी झालेली आक्का, नथ, शालू, हिरवा चुडा. दाजी एका हातानं अंबारी धरून होते, दुसरा हात तिच्या पाठीमागून आडवा घातलेला, आणि लोकांकडं बघायचं सोडून सारखे तिच्याकडंच बघत होते. आक्काचे डोळे मात्र घट्ट मिटलेले. हत्ती पडद्यावरून गेला तरी ते उघडले नाहीत.

अण्णांनी मागं वळून पाहिलं. आक्का दाराशी नव्हती. ती केव्हाच गर्दीतनं वाट काढत त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली होती.

"भ्या वाटलंतं," ती एवढंच म्हणाली, फक्त त्यांना ऐकू जाईल असं. "घरापास्नं बस्तीपतोर डोळं उघडलंच न्हाईत. ह्यो हत्ती मी बी आजच बघितला."

ही गोष्ट अण्णांनी गावात कुणाला सांगितली असती तरी खरी वाटली नसती. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली. आक्का बसली, पदर सारखा केला आणि पडद्याकडं हनुवटी केली.

"मागं घे जरा. तुझ्या दाजींस्नी बघू दे मला."

अण्णांनी बटण दाबलं. हत्ती उलट्या पावलांनी कोपऱ्यापर्यंत मागं गेला, ढोलवाले मागं गेले, बायकांच्या डोक्यावरचे कलश मागं मागं जाऊन वळणाआड झाले, आणि मिरवणूक पुन्हा पहिल्यापासून निघाली.